सड्यावरची शोधाशोध

श्रावण सरता सरता मी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना घेऊन गावामागच्या सड्यावर गेले. कॉलेजात असताना याच उघड्या कातळावर गुडघे टेकायला लावून त्यांनी आम्हाला झाडांचे स्वभाव शिकवले होते. कुणी ताठ उभं वाढतं, कुणी आधाराने चढतं, कुणी जमिनीलगत पसरतं. आता पंचाहत्तरीत त्यांना इथली एक निळ्या फुलांची वनस्पती शेवटची पाहायची होती. ती त्यांना दुसरीकडे कुठेच सापडली नव्हती.

सडा उरलाच नव्हता. तिथे चिऱ्याची खाण होती, तळाशी तांबडं पाणी साचलेलं.

बाई खाणीच्या कडेने वाकून बराच वेळ चालत राहिल्या. शेवटी चिरे कापणाऱ्या माणसाने यंत्र बंद केलं आणि तो जवळ आला.

"काय हरवलंय का, आजी?"

"हो," बाई म्हणाल्या. "वीतभरही उंची नाही तिची. जमिनीला धरूनच असते. पेरापेराला मुळं फुटतात. पानं समोरासमोर, अंगावर बारीक लव. आयुष्य एकाच पावसाळ्याचं."

हे सगळे शब्द आम्ही समोरच्या रोपाला ओळखण्यासाठी पाठ केले होते. नसलेल्याची चौकशीही याच शब्दांनी करावी लागेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

त्या माणसाने खरोखरच पायाखाली पाहिलं, मग चहूकडे पाहिलं.

"नाही बघितली, आजी," तो हळूच म्हणाला. "मी कामावर आलो, तेव्हा वरची माती आधीच काढून टाकली होती."