गार्डाच्या डब्याची चाकं

त्या वर्षी सोलापुरात पाण्याची इतकी ओरड होती, की भवानी पेठेत जो तो नळाची तोटी उघडीच ठेवायचा. पाणी कधी येईल नेम नाही. आलं की घागरीत आवाज होतो, माणूस धावतं. आमचंही तसंच. पण बाबांना ताप चढला, आई आणि मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो, आणि तोटी राहिली उघडी. खोली आमची रस्त्यापेक्षा एक पायरी खाली. चार दिवसांनी परत आलो तर जमिनीवर पाणी साचलेलं, आणि बाबांच्या आगगाडीची पेटी त्यात बुडालेली.

आता ही आगगाडी कसली, ते सांगते. बाबा कुर्डुवाडीला रेल्वेत फिटर होते. भंगारातल्या लोखंडाची इवली इवली चाकं त्यांनी स्वतः लेथवर कातली, आणि त्यांवर लाकडाचं इंजिन, दोन डबे आणि शेवटी गार्डाचा डबा बसवला. बाकावर पत्र्याचे रूळ ठोकले. इंजिनाला सुतळी बांधलेली. ओढली की गाडी खडखडत बाकाच्या या टोकाहून त्या टोकाला जायची. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि जेवणच सुटलं. चमचा ओठाला लावला तरी दात उघडेनात. एकदा आईनं सहज सुतळी ओढली. खडखड ऐकून बाबांनी मान वळवली, तोंड उघडलं, आणि मी पेज आत सारली. तेव्हापासून आई गाडी ओढणार, मी भरवणार. दवाखान्यात कुठली गाडी? तिथं नुसतं सलाईन. डॉक्टर म्हणाले, "घरी न्या. पोटात काही गेलं तर ठीक, नाहीतर अवघड आहे."

आणि घरी ही गत. चाकं गंजून लाल झालेली, एक हलेल तर शपथ. मी पेज घेऊन बसले, बाबा भिंतीकडे बघत राहिले.

मग मी देवाची भांडी घासतात तशी चिंच-मीठ घेऊन बसले. बोटं सोलली, पण चाकं कशी, चांदीसारखी! धुऊन उन्हात ठेवली. सकाळी बघते तर पुन्हा लाल, आधीपेक्षा जास्त. मी तिथंच पायरीवर बसून रडले. शेजारच्या विणकर पद्मसाळ्यांची अक्का मागावरून उठून आली.

"अय्यो, चिंचेनं धुतलीस? तो काय देवाचा तांब्या हाय व्हय? लोखंड हाय ते! आमी मागाला कदी पाणी लावतो का?"

"मग काय करू, अक्का? माणूस उपाशी मरतंय माझं."

"रडणं बंद कर आदी. रॉकेलमधी भिजव, घास, पूस आनि लगेच तेल दे. पाण्याचं बोट लागू दिऊ नको."

मागाला घालतात त्या तेलाची बाटली तिनं माझ्या हातात कोंबली. संध्याकाळपर्यंत इंजिन आणि दोन्ही डबे फिरायला लागले. गार्डाचा डबा मात्र पेटीत तळाशी होता. त्याची चाकं गंजानं पार खाल्लेली. म्हटलं, राहू दे, एका डब्यानं काय बिघडतंय?

आईनं सुतळी ओढली. खडखड झाली. बाबांनी मान वळवली, आणि माझा जीव भांड्यात पडला. मी चमचा पुढं केला. ओठ घट्ट. नजर गाडीच्या शेपटाकडं. डावा हात तेवढा चालायचा, तो आडवा हलवत राहिले, नको, नको म्हणून.

"बाबा, एक घास. तुमच्या पाया पडते."

आई एकदम माझ्यावरच खेकसली, "अगं, गार्ड कुठाय? गार्डाशिवाय गाडी सुटू देतील व्हय हे? जन्म गेला त्यांचा रेल्वेत!"

मग मधल्या दोन डब्यांपैकी एकाची चाकं उपसली. सगळी एका मापाची, म्हणून बसली गार्डाच्या डब्याला. आता गाडी केवढी? इंजिन, एक डबा आणि गार्ड. आईनं सुतळी धरली. बाबांनी शेवटचा डबा निघेपर्यंत बघितलं. मग तोंड उघडलं. निम्मी पेज ओठाच्या कडेनं बाहेर आली, निम्मी आत गेली.

तेवढ्यात नळाला पाणी आलं. पेठेत घागरींचा एकच गलका उठला. आई उठली नाही. गाडी ओढत राहिली.