राबात टाकलेली दावण

लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि लिहिणं म्हणाल तर आजवर फक्त परीक्षेचे पेपर लिहिलेत. मासे धरण्याबद्दल सांगावं इतका मी जाणताही नाही. गावात माझ्याहून जाणते कितीतरी आहेत, पण ते लिहीत नाहीत. अधिकार नसताना लिहितोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. माझ्या हातून झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये, एवढंच मनात आहे.

आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्री नदीच्या काठी. काका महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातात. उरलेल्या वेळात शेती, आणि त्यातूनही वेळ उरला की गरवायला, म्हणजे गरीने, गळाने, मासे धरायला. मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलेलं. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. मरळ सकाळी काठच्या गवताला लागून असते, तिथे गांडूळ लावून गरी अलगद सोडायची. पहिल्या हिसक्याला ओढायचं नाही, कारण मरळ आधी नुसती चाखते. दुसऱ्यांदा दोरी ताणली की मगच. वाम हवी तर दगडांच्या फटीशी दावण लावायची. दावण म्हणजे लांब दोरी आणि तिला हात हात अंतरावर बांधलेल्या गऱ्या.

पण काकांचा खरा जीव सामान ठेवण्यात. पावसाळ्यात नदी फुगते, गरवणं बंद होतं, म्हणून वैशाखातच सगळं आवरून ठेवायचं. दोऱ्या गोड्या पाण्यात धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या, उन्हात नायलॉन ठिसूळ होतं. जाळ्याला मासळीचा वास राहिला तर उंदीर कुरतडतात, म्हणून ते आढ्याला मधोमध टांगायचं, भिंतीला लागू द्यायचं नाही. गऱ्या राखेने घासून, खोबरेल लावून पांगाऱ्याच्या मऊ लाकडात टोचून ठेवायच्या. आणि मोजायच्या. गंजलेली गरीसुद्धा मोजून डब्यात टाकायची. मासा गेला तर जाऊ दे, गरीचा हिशेब लागला पाहिजे, असं काका म्हणायचे. मला ते म्हातारपणाचं वेड वाटायचं.

गेल्या वर्षी त्यांच्या पाळ्या वाढल्या आणि त्यांनी हे काम माझ्यावर सोपवलं. मी जाळं टांगलं, चांगल्या गऱ्या लाकडात टोचल्या. एक जुनी दावण राहिली. तिचा असा गुंता झाला होता की एकेक गरी सोडवायला दुपार गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता. त्या वर्षी आमचा राब भाजायचा अजून राहिला होता. भाताची रोपं करायच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा आणि कवळं, म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, रचून तयार होती, संध्याकाळी पेटवायची होती. मी तो गुंता पाल्याखाली सारला. नायलॉन जळून जाईल, एवढाच विचार केला. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी आहे, हे लिहिताना आजही लाज वाटते.

काकांना सांगितलं, सगळं झालं.

लावणीला रविवारी घरी आलो. प्लास्टिकचा कागद पांघरून काकी राबात बसून रोपं उपटत होती. मध्येच तिने हात झटकला, काटा लागला म्हणाली. उजव्या हाताचं मधलं बोट होतं. घरी येऊन तिने हळद दाबून फडकं बांधलं आणि भाकऱ्याही केल्या. सोमवारी मी महाडला कॉलेजात परतलो.

गुरुवारी आईचा फोन आला. काकीचा हात कोपरापर्यंत सुजलाय, ताप आहे, महाडच्या दवाखान्यात आणलंय. मी धावत गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. बोटात अर्धी गरी मोडून बसली होती. तिचा बाक अगदी स्पष्ट दिसत होता. काका त्या फिल्मकडे बघत राहिले.

"आपल्या घरची गरी शेतात गेली कशी?" ते म्हणाले. "मी तर मोजून ठेवतो."

डॉक्टरांनी तुकडा काढला, पण विष पसरलंय, बोटाचं, कदाचित हाताचंही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. काकी गुंगीत होती. काका बाहेर आले तेव्हा पायरीवर मी त्यांना सगळं सांगितलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आगीत लोखंड जळतं काय रे?" एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "तिला मी नाय सांगनार. घरी आली की तूच सांग."

आईला काकीजवळ ठेवून शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं गावी गेलो. काकीच्या बोटात गरी निघाल्याचं ऐकून रोपं उपटायला येणाऱ्या बायांनी राबात बसायला नकार दिला होता, आणि त्यांचं बरोबरच होतं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून काकांनी चिखलातून ओढायला सुरुवात केली, मी मागून हाताने चाचपत होतो. एक सापडली. मग दोन एकदम. जळून काळ्या पडलेल्या, गंजाने पोखरलेल्या, पण टोकं तशीच. दुपारपर्यंत सहा झाल्या.

"किती व्हत्या दावणीला?"

मी मोजल्या नव्हत्या.

काका गुडघाभर चिखलात तसेच उभे राहिले. "मंग आता थांबायचं कवा?" ते म्हणाले.

त्या प्रश्नाने मला जो धक्का बसला, तो एक्स-रे बघूनही बसला नव्हता. सातवी असेल, नसेल. त्या शेतात पुढे कुणी हात घातला, तर हाताला काय लागेल ते मला सांगता येणार नव्हतं. आम्ही अंधार पडेपर्यंत ओढत राहिलो. सातवी मिळाली नाही. ती नव्हतीच, की आहे, हे मला अजूनही माहीत नाही. त्या वाफ्यातली रोपं काकांनी एकट्याने, फावड्याने मातीसकट उचलली.

दुसऱ्या दिवशी काकीला मुंबईला हलवलं. काका सोबत गेले. त्यांचा फोन लागत नव्हता, लागला तरी ते उचलत नव्हते. मी वर्गात बसायचो आणि वही कोरी राहायची. आईला विचारलं की ती म्हणायची, तू अभ्यास कर, कळलं की सांगते. चार दिवस असे गेले.

पाचव्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात तिचा फोन आला. मधलं बोट मुळापासून काढलं, ती म्हणाली. विष वर चढायचं थांबलंय, बाकी हात राहिला. काकी जेवली. शनिवारी घरी आणणार आहेत.