ताशी एक किलोमीटर

सकाळी यांनी चहा तसाच ठेवून मला हाक मारली. "अगं, नवी आवृत्ती आली बघ!"

फोनवर रस्ता आखून देणारं ते सॉफ्टवेअर जगभरातली माणसं हौसेनं, फुकट घडवतात. कुणीही त्यांना सूचना करू शकतं. कंपवातानं पावलं अडखळायला लागली तेव्हा यांनीही लिहिलं होतं, की तुमच्याकडे चालण्याचा वेग ताशी दोन किलोमीटरच्या खाली नेता येत नाही, त्यामुळे मी वाचनालयात कधी पोहोचेन ते मला कळत नाही.

दोन वर्षांनी ते काम झालं. बदलांच्या लांबलचक यादीत अगदी तळाला एक ओळ होती: चालण्याचा वेग आता ताशी एक किलोमीटरपर्यंत कमी करता येईल.

यांनी थरथरत्या बोटानं वेगाची पट्टी शेवटपर्यंत मागे ओढली. "वाचनालयापर्यंत पन्नास मिनिटं. म्हणजे जमण्यासारखं आहे."

दिवाळीपासून हे पलंगावरून खुर्चीपर्यंत येतात, तेही माझ्या खांद्याच्या आधारानं. कुठल्याशा देशात कुणीतरी आपला रविवार घालवून यांच्यासाठी एक आकडा खाली आणला, आणि तोवर इकडे आजार त्याच्याही खाली उतरला. राग तरी कुणावर काढायचा? मागितलेलं मिळतं, फक्त ज्यानं मागितलं तो माणूस तोवर तोच राहिलेला नसतो.

यांनी 'सुरू' दाबलं.

"सरळ चालत राहा," फोनमधली बाई म्हणाली.

आम्ही दोघं खिडकीशी बसून होतो. थोड्या वेळानं ती पुन्हा तेच म्हणाली. गार झालेला चहा मी यांच्या तोंडाशी धरला.