जावेचे डोळे

"हे डोळे माझे नाहीत!"

"चेहरा तुझा, नाक तुझं, कान तुझे. आणि मधले तेवढेच परके?"

"परके कुठले, घरचेच आहेत! मामी, हे माझ्या जावेचे डोळे आहेत."

मामीने स्क्रीनवरच्या फोटोवरून नजर काढून घेतली. गिऱ्हाइकासमोर नजर चुकवायची तिला सवय नाही, त्यामुळे हा कबुलीजबाबच होता. तरी तिने एक खडा टाकून पाहिला.

"कशावरून म्हणतेस?"

"कशावरून काय! इतकी वर्षं समोरासमोर मशीन टाकून बसलो आम्ही. ही डावी पापणी बघा. आळशी आहे. उजवी उघडते, मग ही सावकाश मागून येते. आणि बुबुळाशेजारी हा तांबूस ठिपका. हा काय माझा आहे?"

"पापणीसुद्धा पाठ आहे की तुला!"

"शत्रूची माहिती ठेवावी लागते," टेलरबाई फणकारली.

आमची मामी फोटो काढत नाही. फोटो काढतात ते मामा, पुढच्या खोलीत, पडद्यासमोर. मामांचा हात असा, की चांगला धडधाकट माणूस आत जातो आणि फोटोत गुन्हेगार होऊन बाहेर येतो. कपाळ दिव्यासारखं चमकतं, डोळ्यांत तांबडे निखारे पेटतात, हनुवटीखाली दुसरी हनुवटी पथारी पसरते. मग तो बिचारा मागच्या खोलीत मामीच्या स्क्रीनवर दाखल होतो. तिथे त्याच्यावर उपचार होतात. पूर्वी मामी हे काम काचेवर फिल्म ठेवून, टोकदार शिसपेन्सिलीने करायची. आता माऊसने करते, पण पेन्सिलीला टोक करायची सवय गेलेली नाही. काही अडलं की ती पेन्सिल तासायला घेते.

तिचे नियम ठरलेले. चार दिवसांत जाईल ते पुसायचं, जन्माचं असेल ते ठेवायचं. म्हणजे पुटकुळी जाणार, तीळ राहणार. कपाळाची चमक उतरवायची, पण पार पुसायची नाही, नाहीतर डोक्याच्या जागी भिंत दिसते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं निम्मीच उजळायची. "सगळी काढली," ती म्हणते, "की माणसाने जन्मात काही कामच केलं नाही असं वाटतं." दातांचा पिवळेपणा कमी करायचा, पण दातांना चुना लावायचा नाही, आणि गिऱ्हाइकालाही नाही. गाल गुळगुळीत करून मागणाऱ्याला ती सरळ विचारते, "फोटो हवाय की सोललेला बटाटा?"

अशी ही तत्त्वाची बाई, आणि तिने डोळ्यांची उचलेगिरी केली होती.

"मग काय करणार होते मी?" मामीने उलट तोफ डागली. "मामांनी तुझे फोटोवर फोटो काढले. एकात तरी डोळे उघडलेस? सगळ्यांत आपली झोपलेली! नव्या दुकानाच्या बोर्डवर काय लिहायचं, 'झोपेत कपडे शिवून मिळतील'?"

"पण तिचेच का?"

"तुमच्या जुन्या दुकानाचा, दोघींचा फोटो होता माझ्याकडे. त्यातही तू झोपलेलीच. ती मात्र टक्क जागी. मान तशीच वळलेली, उजेड त्याच बाजूचा. दुसऱ्याचे डोळे लावायचे तर आधी उजेड जुळावा लागतो गं."

"तुमचा उजेड जुळला, आमचं जुळत नाही त्याचं काय?"

हे मात्र खरं होतं. दोघी जावांनी मिळून चालवलेलं दुकान एका कॉलरवरून फुटलं होतं. कुणाच्या तरी लग्नाचा सदरा, त्याची कॉलर वाकडी बसली. ही म्हणाली तू बसवलीस, ती म्हणाली तू. कॉलरवरून निघालेलं भांडण एकमेकींची कॉलर धरण्यापर्यंत गेलं. आता जाऊबाई कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानात, आणि उद्या सकाळी टेलरबाईचं नवं दुकान उघडणार, तेही बरोबर तिच्या समोर. दारावर हिच्या चेहऱ्याचा मोठा बोर्ड लागणार होता. आयुष्यात पहिल्यांदा पाटीवर ती एकटी, आणि त्यातही डोळे जावेचे!

"समोरून बघेल ती," टेलरबाईचा आवाज चिरका झाला, "आणि म्हणेल, बघा, दुकान हिचं पण नजर माझी. जन्मात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी तर तिचं तोंडही बघणार नाही आता, कधीच!"

"तोंड नको बघूस. डोळे तर बघतेच आहेस." मामीने पेन्सिल तासायला घेतली आणि स्वतःशीच पुटपुटली, "तीळ आहे की पुटकुळी, बघायला हवं."

"काय म्हणालात?"

"काही नाही. चल, पुढे बस. मी काढते फोटो."

"तुम्ही? मामा कुठायत?"

"बाहेर गेलेत, कुणाला तरी गुन्हेगार करायला. बोर्डवाला संध्याकाळपर्यंतच थांबणार म्हणालीस ना? बस."

मामीने कॅमेरा हातात घेतला तो परक्याचं तान्हं मूल घेतल्यासारखा. "हे बघ, आधी डोळे मिटून घे. मी तीन म्हटलं की उघडायचे. एक, दोन, तीन!"

टेलरबाईने तीनला तोंड उघडलं. डोळे मिटलेलेच.

"तोंड नाही गं, डोळे!"

"सवयीचं तेच उघडतं आधी."

"बरं, मग राग आण. जाऊबाई आठव."

टेलरबाईने जाऊ आठवली. भुवया एकमेकींना भिडल्या आणि डोळ्यांची दोन काजं झाली, अगदी कच्चा टाका घातलेली. मामीने कॅमेरा खाली घेतला. खिडकीचा पडदा थोडा सरकवला, बाईची खुर्ची उजेडाकडे वळवली, हनुवटी दोन बोटांनी जरा पुढे आणली. मग पुन्हा कॅमेऱ्यामागे जाऊन, सहज बोलल्यासारखी म्हणाली,

"काल तुझी जाऊ आली होती इथे."

"कशाला?"

"अशीच. म्हणाली, ती लग्नाची कॉलर माझ्याच हातून वाकडी बसली होती."

टेलरबाईचे डोळे उघडले. दोन्ही, एकदम, टपोरे, कडांशी जरासे ओले. कॅमेऱ्याने खट् केलं.

मग बराच वेळ दोघी मागच्या खोलीत स्क्रीनसमोर बसल्या. मामीने नाकावरची चमक उतरवली, हनुवटीखाली किंचित सावली धरली, ओठाशेजारची ताजी पुटकुळी पुसली. डोळ्यांना हातसुद्धा लावला नाही.

"हे माझे आहेत," टेलरबाई हलकेच म्हणाली. "असे दिसतात होय?"

"इतकी वर्षं मिटून ठेवलेस, नवेच आहेत अजून. पाठवू?"

"पाठवा."

मामीने फोटो बोर्डवाल्याकडे धाडला. उसन्या डोळ्यांचा फोटो टेलरबाईच्या देखत पुसून टाकला. टेलरबाई पिशवी उचलून उठली, दारापर्यंत गेली, परत आली.

"मामी."

"हं."

"ती खरंच असं म्हणाली? कॉलरचं?"

मामीने पेन्सिलीचं टोक बोटाला लावून पाहिलं.

"मामी, मी काय विचारतेय? तुम्ही माणसाचे डोळे बदलता, तोंडचं वाक्य बदलायला तुम्हाला किती वेळ! खरं सांगा, ती आली होती की नाही?"

मामीने पेन्सिल केसांत खोचली, पायांत चपला सरकवल्या, दोघी जावांचा तो जुना फोटो काखेत मारला आणि लगबगीने पायऱ्या उतरून कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानाच्या दिशेने चालू लागली.