बायची पुडी आणि माझा तपासणी-तक्ता

माझ्या आजारपणाच्या दोन हकिकती आमच्या दिंडोशीच्या इमारतीत सांगितल्या जातात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली माझ्या मुलाची: आत्याने बाबांच्या नकळत त्यांच्या पोटात कसलीशी पूड घातली. दुसरी त्या आत्याची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, जिला आम्ही बाय म्हणतो: त्या पुडीनेच मी वाचलो. मी अद्याप हयात असल्यामुळे दोघांनाही खोडून काढण्याची सोय आहे, आणि ती मी वाया घालवणार नाही.

मूत्रपिंडातला कर्करोग फुप्फुसांपर्यंत पोहोचल्याचे कळले, तेव्हा मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. डॉक्टरीणबाईंनी प्रतिकारशक्तीवर चालणाऱ्या औषधाची माहिती दिली, ती मला पटली. कारण तिच्यात जाहिरात नव्हती. त्या म्हणाल्या, हे औषध रोगाला स्वतः मारत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना रोगाने लावलेला ब्रेक ते काढते. काहींना लागू पडते, काहींना नाही, आणि आधी खात्रीने सांगता येत नाही. शिवाय मोकळे सुटलेले पहारेकरी कधीकधी घरच्यांनाच बडवतात: यकृताला, आतड्यांना. म्हणून तोंडात जाईल ते सारे त्यांना कळवायचे. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून डोस ठरला.

बातमी फुटली आणि आमच्या दिवाणखान्यात उपचारांची रीघ लागली. गव्हांकुरांचा रस आला, लक्ष्मणफळाची पाने आली, गोमूत्राचा अर्क आला. दुसऱ्या मजल्यावरून तर लोहचुंबकावर ठेवलेले पाणी आले. ते पाण्यासारखेच लागते, एवढी त्याची शिफारस मी करू शकतो.

मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षे पंपांचे व्हॉल्व्ह तपासले. माझा शिक्का बसल्याशिवाय एकही व्हॉल्व्ह दाराबाहेर गेला नाही. तेव्हा मी एक तक्ता आखला, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि येणाऱ्याच्या हाती चहाच्या आधी द्यायला लागलो. प्रश्न चारच. यात काय काय आहे? कोणी तपासले? ज्यांना दिले त्यांपैकी जे बरे झाले नाहीत, ते कुठे आहेत? आणि आपण स्वतः घेतले आहे काय? तिसऱ्या प्रश्नाशी पेन थांबे आणि चौथ्याशी पाहुण्याला घरची कामे आठवत. मी माणसांना हाकलले, असे मुलगा सांगतो. साफ खोटे. मी फक्त कागद पुढे केला; माणसे आपल्या पायांनी गेली.

मग मालवणहून बाय आली. तिच्याकडे गावच्या वैद्याची राखाडी पुडी होती. पहिल्या तीन प्रश्नांना तिने मान हलवून नकार दिला. चौथा वाचून दाखवताच तिने पुडी सोडली, चिमूटभर पूड जिभेवर टाकली, तोंड वाकडे केले आणि म्हणाली, "बघ, खाल्लंय. आता लिव."

इतक्या पाहुण्यांत चौथ्या प्रश्नाला उत्तर देणारी ती एकटी. तिच्या कागदावर 'नामंजूर' लिहायला माझा हात धजला नाही. मी 'विचाराधीन' असे लिहिले. आणि विचाराधीन मालाची चाचणी घ्यावी लागते, हा माझा जन्माचा नियम. सकाळी सून कामावर गेली आणि बाय आंघोळीला गेली की, मी एक चिमूट पाण्याबरोबर घेऊ लागलो. बारा दिवस घेतली. डॉक्टरीणबाईंना सांगितले नाही. चाचणी पूर्ण झाल्यावर अहवाल देऊ, अशी माझी ऐट होती.

पाचव्या डोसाच्या आधी रक्त तपासले, तर यकृताचे आकडे चढलेले. वाईट याचे वाटले, की आदल्याच स्कॅनमध्ये फुप्फुसांतल्या गाठी लहान झालेल्या दिसल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे औषधामुळे असेल तर ते कदाचित कायमचे बंद करावे लागेल. दुसरे काही घेता का? मी तोंड उघडण्यापूर्वीच मुलगा अभिमानाने म्हणाला, "छे, बाबा कोणाचं पाणीसुद्धा पास करत नाहीत." त्या वाक्याने मी सुखावलो आणि गप्प राहिलो. या लेखातली सर्वांत लाजिरवाणी ओळ हीच.

घरी सुनेने फ्रिजमधली अर्धी रिकामी पुडी शोधून काढली. सगळे बायकडे वळले. आत्या, सोलकढीत घातलीत ना? बायने माझ्याकडे एकदाच पाहिले. चिमटी भरताना तिने मला कधीतरी पाहिले असावे. मग खाली बघून म्हणाली, "माझा चुकला," आणि पिशवीत लुगडी भरू लागली.

माझा मान राखण्यासाठी एक्क्याऐंशी वर्षांची बहीण चोर ठरत होती, आणि तिकडे माझे एकमेव लागू पडलेले औषध भलत्याच संशयावरून बंद होऊ घातले होते. मी मुलाला डॉक्टरीणबाईंना फोन लावायला लावला, स्पीकरवर, आणि सर्वांसमक्ष म्हणालो, "पूड मीच घेतली. बारा दिवस, माझ्या हाताने. बहिणीला काही ठाऊक नाही."

पलीकडून बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही तर तपासनीस ना? एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर दोष कुठला ते कसं कळणार?"

याच चुकीसाठी मी कारखान्यात कितीक पोरांना उभे-आडवे झाडले होते.

मुलाला मात्र आजही वाटते, की बायला वाचवण्यासाठी मी दोष अंगावर घेतला. पूड बंद झाली, डोस पुढे ढकलला, दर आठवड्याला रक्त गेले. आकडे हळूहळू उतरले आणि औषध पुन्हा सुरू झाले. दोष पुडीचाच होता काय, हे बाई आजही छातीठोक सांगत नाहीत, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास आहे. गाठी तूर्त लहानच आहेत. पुढचे मला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तक्ता भरावा.

बायची पिशवी मी स्वतः रिकामी केली. मग तिचा कागद काढून 'विचाराधीन' खोडले आणि 'नामंजूर' लिहिले. खाली कारणाचा रकाना होता. बराच वेळ विचार करून तिथे लिहिले: 'माल तपासलेला नाही. चाचणी सदोष. दोष तपासनीसाचा.' सही केली आणि कागद तिच्या हाती दिला.

तिने तो मलाच परत केला. चष्मा जवळ नव्हता म्हणे. तो तिच्या गळ्यातच लटकत होता.

"मोठ्यान वाच रे झिला," ती म्हणाली. "सगळ्यांका आयकाक येवंदे."

वाचला. दोनदा वाचायला लावला.