पक्ष्यांच्या पिक्चरवरचा अभिप्राय

मशीन सुरू करण्याआधी तो भिंगापुढं तळहात धरायचा आणि सगळ्यांना बजावायचा, "यात गाणं न्हाय, हाणामारी न्हाय. पण खोटं बी काय न्हाय. बघायचं तर बसा, न्हायतर म्हशी सोडा." मग हात काढायचा. पोरं तरीही गाण्याची वाट बघत बसायची.

तो सरकारी माहितीपट दाखवायचा. नव्वदच्या पुढची ती वर्षं. डाळजला आमच्या शाळेत मी झाडलोट करायची, पाणी भरायची. त्याची जीप आली की खिडक्यांना पोती लावायचं काम माझं. भर दुपारी वर्गात अंधार करायचा म्हणजे सोपं नाही. एक भोक राहिलं तरी पडद्यावर पांढरा डाग पडायचा, आणि तो डाग बुजल्याशिवाय हा मशीनला हात लावायचा नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही. असेल तिथं त्याला आवडणार नाही.

दिसायला काही नव्हता. काटकुळा, शर्टाचा खिसा शाईनं निळा. तालुक्याच्या कचेरीबाहेर फाईल घेऊन उभी राहिलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील आणि विसरला असाल. पण नवीन पिक्चर हातात पडला की त्याचं तोंड बदलायचं.

"मावशी, नवाकोरा निघालाय. सापावर हाय." बारामतीच्या टॉकीजला मोठा हिरो लागावा तसं सांगायचा. कधी साप, कधी ठिबक, कधी कुष्ठरोग, कधी जुलाब झालेल्या बाळाला पाजायचं मीठ-साखरेचं पाणी. एकेक पिक्चर तो गावोगाव दाखवायचा, पण दर वेळी पहिल्यांदा बघितल्यासारखा बघायचा.

सापाचा पिक्चर बघून सणसरच्या एका माणसानं उसात निघालेला साप मारला नाही, सोडून दिला. पुढच्या फेरीला तो माणूस जीपपुढं उभा. "तुमच्या सापानं माझ्या कोंबडीची सगळी अंडी खाल्ली." हे पिक्चरवाल्यानंच मला सांगितलं. मी म्हटलं, "मग काय म्हणालात?" म्हणाला, "काय म्हणणार? पिक्चरमधी अंड्यांचं काय सांगितलं न्हवतं, हे त्याचं बराबर हाय."

पिक्चर संपला की एक छापील कागद निघायचा. वर लिहिलेलं, प्रेक्षकांचे अभिप्राय. आता आमच्याकडं सरकारी कागद आणि सही म्हटलं की तो अर्जच. त्यामुळं कुष्ठरोगाचा पिक्चर बघून लोक सांगायचे, पुनर्वसनाच्या वसाहतीला रस्ता न्हाय, लिवा. हातपंप मोडलाय, लिवा. तो सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणायचा आणि सगळ्या ओळींत एकच लिहायचा, माहितीपट उद्बोधक वाटला. मग सह्या, अंगठे.

मला वाचता येत होतं. एकदा मी कागद ओढला. "भाऊ, यात हातपंप कुठं हाय?"

"मावशी, या कागदानं हातपंप येत न्हाय," तो म्हणाला. "या कागदानं झालाच तर मी कायम हुईन." नऊ वर्षं तो रोजंदारीवर होता. घरी बायको, दोन मुली. अभिप्राय चांगले गेले की साहेब खूश, साहेब खूश की फाईल वर. मी कागद परत दिला. त्याच्या पोटाचा प्रश्न होता, त्यात मी काय बोलणार.

मग तो पक्ष्यांचा पिक्चर आला. आमच्याच धरणाच्या पाण्यावर काढलेला. त्या दिवशी त्यानं पडदाही स्वतः धुऊन आणला होता. "मावशी, तुमचं गाव पिक्चरमधी आलंय."

वर्ग भरला. पडद्यावर पाणीच पाणी, त्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी. छान होतं, नाही म्हणत नाही. मग तो जाड आवाजाचा माणूस पिक्चरमधून बोलला, "जिथे काहीच नव्हते, तिथे आज पक्ष्यांचे नंदनवन फुलले आहे."

तात्या, आमच्या वसाहतीतले सगळ्यात म्हातारे, उठून उभे राहिले. त्यांची सावली पडद्यावर पडली. "थांबीव रं. काय न्हवतं म्हणतोय त्यो?"

त्यानं मशीन थांबवलं. त्या पाण्याखाली आमचं जुनं गाव होतं, घरं होती, गावाबाहेरची आमची वस्ती होती. बाबासाहेबांच्या वाटेनं आम्ही गेलो तेव्हा माझ्या सासऱ्यानं पंचशील म्हटलं ते अंगण होतं. हे त्याला माहीत नव्हतं. तो इंदापूरच्या पलीकडचा.

"तुमी तर म्हणता खोटं न्हाय," मी म्हटलं. लागेल असंच म्हटलं.

त्यानं रीळ मागं फिरवलं, आवाज बंद केला आणि पिक्चर पुन्हा लावला. म्हणाला, "आता तुमी सांगा."

मग लोक बोलायला लागले. त्या बाभळीच्या डाव्या अंगाला आमची विहीर. न्हाय, तात्या, ती तुमची न्हवं, आमची. बरं तुमची, पण पाणी खारं हुतं. हितं बाजार भरायचा. पक्षी उडत होते आणि त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तो दारापाशी उभा राहून ऐकत होता.

शेवटी कागद निघाला. त्यानं पेन उघडलं, पहिल्या ओळीवर टेकवलं आणि थांबला. "मावशी, माझी फाईल वर गेलीय. या महिन्यात व्हईल म्हणत्यात."

"मग ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "नेहमीचं लिवा." मी त्याला लिही म्हणाले नव्हते, हे खरं. पण मगाशी गप्पही बसले नव्हते, हेही खरं.

त्यानं पेन मिटलं. परत उघडलं. लिहिलं, "पक्षी चांगले दाखवले आहेत. पण इथे काही नव्हते हे चूक आहे. इथे गाव होते." खाली तात्यांचा अंगठा, मग माझी सही. ओळी संपल्या तेव्हा लोकांनी मागच्या बाजूला सह्या केल्या.

पुढच्या फेरीला जीप आली ती दुसऱ्या माणसाला घेऊन. या नव्यानं पडद्यावरचा डाग बघितलाही नाही.

तो आला उन्हाळ्यात, एसटीनं, रिकाम्या हातानं. बारामतीत लग्नाची शूटिंग करणाऱ्याकडं लाइट धरतो म्हणाला. साहेबानं विचारलं होतं, तुला मशीन फिरवायला ठेवलंय का गावाची गाऱ्हाणी गोळा करायला? फाईल परत आली, दुसऱ्याची गेली.

"राग आला?" मी विचारलं.

"आला की. तुमचा बी आला. दोन दिस जेवलो न्हाय. बायको तर अजून धड बोलत न्हाय."

"मग आलाय कशाला?"

"पाणी उतरलंय म्हणत्यात. बघावं म्हटलं."

मी त्याला खाली घेऊन गेले. चिखल वाळून भेगा पडल्या होत्या, त्यात भिंतींच्या पायाचे दगड उघडे पडलेले. आमच्या घराचे दगड मी दाखवले. चौकट कधीच गेलेली, नुसती उंबऱ्याची जागा. तो तिथं थांबला, चपला काढल्या, बाहेरच्या अंगाला ठेवल्या आणि आत पाय न टाकता माझ्याकडं बघत उभा राहिला.

"या," मी म्हटलं. "जपून. आत वल हाय अजून."