उजव्या कानातलं मूल

माझा धाकटा भाऊ चौक गावात जुन्या हायवेवर गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टिम बसवून देतो. माझं माहेर पोशीरचं, भातशेतीचं. घरात गाणं म्हणजे भजन, नाहीतर लग्नातला बँड. एका ब्रिटिश रॉक बँडच्या जुन्या अल्बमनं त्याला एवढं का झपाटावं, हे आम्हाला कधी कळलं नाही. कुणा गिऱ्हाइकानं स्पीकर तपासायला तो लावला होता. गिऱ्हाईक गेलं, अल्बम याच्या डोक्यात राहिला. मग दुकानात जो येईल त्याला तो ऐकवू लागला. एक टेंपोवाला म्हणाला, "भांडी पडल्यागत वाजतंय रं." दुसरा सीटवर रेलून ऐकता ऐकता झोपून गेला. शेजारच्या धाब्यावरच्या वहिनी आधी पदर तोंडाला लावून हसल्या, पण एका गाण्यापाशी हसायच्या थांबल्या. पुन्हा लाव म्हणाल्या.

मी कर्जतला शाळेत मराठी शिकवते. एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, आईचा नवा चष्मा त्याच्याकडे द्यायला गेले. त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि हातात मोठे हेडफोन दिले.

"गाडीत नको ताई, हॉर्न मधे येतात. हे घाल. वहिनींना आवडलं तेच लावतो."

गिटार हळूहळू सुरू झाली. मग एक बाई हाका मारू लागली. शब्द इंग्रजी, पण हाक कुठल्याही भाषेत कळते. दिवेलागणीला आई पोराला हाक मारते ना, तशी. ती हाक मारायची आणि थांबायची. मागे फक्त वाद्यं. पुन्हा हाक, पुन्हा थांबणं. कुणीच ओ देत नव्हतं. हिचं मूल हरवलंय, कदाचित बुडालंय, आणि लोक याला गाणं म्हणतात. मी हेडफोन काढून ठेवले.

"किती वाईट आहे रे हे! मूल गेलंय तिचं."

तो हसला. "गेलंय कुठं? खेळतायत ती दोघं. डावीकडनं आई हाक मारते, उजवीकडनं पोर ओ देतं. हसतंय बघ कसं."

"कुणी ओ देत नाही."

"देतं गं! चेष्टा करतेस काय?"

मी म्हटलं, तुझा हेडफोन बिघडलाय. त्यानं तो स्वतःच्या कानांना लावला आणि मान हलवली. वहिनींना हाक मारली. त्यांनी ऐकलं आणि माझ्याकडे जरा चमकून बघत म्हणाल्या, "नाय ताई, दोन्हीकडनं येतंय की. पोर हाय."

मग भावानं हेडफोन उलटा करून माझ्या डोक्यावर ठेवला. डाव्या कानाची बाजू उजवीकडे, उजवीची डावीकडे. आणि मला मूल ऐकू आलं. खुदुखुदु हसत ओ देणारं, अगदी जवळ. आई मात्र नाहीशी झाली होती.

बाहेरून ट्रक चालले होते. भावानं आवाज वाढवला, आणखी वाढवला. माझ्या उजव्या कानाच्या पाळीला नुसती थरथर लागत होती. "आता?" तो विचारत होता. "ताई, आता?"

त्यानंतरचे दिवस मी भीतीत काढले. वर्षानुवर्षं फोन डाव्या कानाला का लावते, हे कधी मनातच आलं नव्हतं. वर्गात उजव्या बाजूच्या मुली "बाई ऐकतच नाहीत" म्हणून रुसायच्या. मी त्यांनाच पुटपुटू नका म्हणून दटावायचे. कानात बारीक शिट्टी असायची, ती मी वयाच्या खात्यावर टाकली होती. आता ती शिट्टी म्हणजे आत कुणीतरी बसलंय, असं वाटायला लागलं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी काचेच्या केबिनमध्ये बसवून तपासणी केली. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी मी बटणावर अंगठा ठेवून बसून राहिले. काचेबाहेर यंत्र चालवणारी मुलगी मान खाली घालून काहीतरी लिहीत होती, म्हणजे आवाज येत असणार.

"एकाच बाजूचं असं गेलं की आत बघावं लागतं, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "एमआरआय करून घ्या."

"आत म्हणजे?"

"कानाच्या नसेपाशी. मेंदूजवळ."

पनवेलला एमआरआयच्या नळीत आडवी झाले, तेव्हा आमचे हे बाहेर चपला सांभाळत बसले होते. हातात एक रबरी गोळा दिला होता, घाबरलात तर दाबा म्हणून. यंत्र धडाधड वाजत होतं. मला सारखं वाटत होतं, बाहेरून कुणीतरी मला हाका मारतंय, उजव्या बाजूनं, आणि मी ओ देत नाहीये. गोळा दाबला नाही. दाबला तर पुन्हा पहिल्यापासून करतील, याचीही भीतीच होती.

गाठ निघाली. हरभऱ्याच्या डाळीएवढी. कॅन्सर नाही, डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं. हळू वाढते, कधी वाढतही नाही. सध्या कापायची गरज नाही, फक्त लक्ष ठेवायचं. गेलेलं ऐकणं मात्र परत येणार नाही.

भाऊ घरी आला तो रडवेला होऊन. "मी ते ऐकवलंच नसतं तर..."

"तर गाठ काय निघून गेली असती?"

त्यानं माझ्या मोबाइलमध्ये काहीतरी बदललं, दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात येईल असं. पोशीरला आईच्या पडवीत बसून मी ते गाणं पुन्हा ऐकलं. गाण्यातल्या आईनं हाक मारली, मुलानं ओ दिली. पण दोघंही एकाच जागेवरून बोलत होती. आईच स्वतःला ओ देतेय, असं वाटलं, आणि मी पुन्हा बंद केलं. अजून पूर्ण ऐकलेलं नाही.

दुसऱ्या तपासणीत गाठ तेवढीच होती. आम्ही पेढे आणले. त्याच आठवड्यात कर्जतच्या बाजारपेठेत चालताना हे भाजीवाल्यापाशी मागे राहिले आणि उजवीकडून एक मोटरसायकल माझा पदर ओढत गेली. तिचा आवाज मला आलाच नाही. लोक ओरडले ते डाव्या कानानं ऐकलं, आणि मी नेमकी उलट्या बाजूला वळले. पडले नाही. पण तिथल्याच एका किराणा दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. हे धावत आले. इतक्या वर्षांत यांनी रस्त्यात कधी माझा हात धरला नव्हता. त्या दिवशी तो धरून, मेथीची जुडी मांडीवर ठेवून, माझ्या उजव्या अंगाला बसून राहिले. काहीतरी बोलतही होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघून मान हलवत होते.